सहावं कार्ड

नॉकरो, टिपररी
२२ सप्टेंबर २०१३

ती. ब्रीडमावशीस,
डिंफनाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला टिम शेजारी बसलेला असताना धड बोलता येत नाही. नवऱ्यासमोर काय काय बोलणार? तेव्हा पत्रच बरं. आईचा खुबा आता ठीक आहे. काठी टाकून कोंबड्यांमागे फिरते आणि लेकाला, डोनलला, दिवसभर वाटेल ते बोलते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज.

आता खरं सांगते. गेल्या रविवारी गावच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत डोनलच्या बायकोने, गोरेटीने, मला पुन्हा मागे टाकलं. या उन्हाळ्यातली ही कितवी वेळ ते विचारू नकोस. मावशी, हिला धावायला शिकवलं कुणी? मी! धाकटा झाल्यावर ती घरात नुसती बसून असायची. डोनल माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला, तेव्हा मीच हिला हाताला धरून रस्त्यावर काढली. पहिल्या दिवशी चर्चपर्यंत जाऊन भिंतीला टेकली होती. आणि आता ती पुढे, मी मागे, आणि तिची ती शेपटी माझ्या डोळ्यांसमोर डावीउजवीकडे डुलतेय. एखाद दिवशी कात्री घेऊन पळणार आहे मी.

आईने पेपरातला तिचा फोटो फ्रिजवर लावलाय. येईल त्याला दाखवते, आमची गोरेटी म्हणून. मी चौदा वर्षं धावतेय, माझा फोटो एकदाही लागला नाही, आणि मी तर पोटची पोर. बोलून दाखवलं तर म्हणाली की तुझे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले असतात, लावू काय!

तर बातमी अशी. क्लबाचा म्हातारा मॉसी टोबिन आहे ना, त्याच्या डोक्यात आलंय की आम्ही पाच बायकांनी काउंटीच्या नवख्यांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत उतरायचं. आमच्यापैकी एकीनेही डांबर सोडून कधी पाऊल टाकलेलं नाही. पण पहिल्या सहा जणींना मन्स्टर प्रांताच्या शर्यतीसाठी काउंटीची जर्सी मिळते. निळी-सोनेरी जर्सी, मावशी! सतराव्या वर्षी काठी-चेंडूच्या कमोगी संघाच्या निवडीत माझं नाव गळलं तेव्हा मी तुझ्याच कुशीत रडले होते, ते तुला आठवत असेल. मला ती जर्सी हवी आहे. आणि गोरेटी लिमरिक शहरातली, फरसबंदीवर वाढलेली. शेतात तरी मी तिला मागे टाकीन की नाही?

तू कॉव्हेंट्रीला कारखान्याच्या संघातून चिखलात धावायचीस. काय काय युक्त्या असतात त्या कळव. मला कळव, एवढंच म्हणते.

लोभ आहेच, पण गोरेटीपेक्षा माझ्यावर जरा जास्त असावा.

तुझी,
डिंफना

कॉव्हेंट्री
१ ऑक्टोबर

चि. डिंफनास,
म्हातारीचे अ. उ. आ.

पत्र उघडलं आणि खोलीच गरम झाली. आठवडाभर गॅसचा हीटर लावायला नको. किती जळशील गं बाई! तुझी आईही अशीच. मला नवा कोट आला की हिला ताप यायचा.

आता कान देऊन ऐक. पहिलं, ते मनगटावरचं घड्याळ घरी ठेव. शेतात वेळ कुणी विचारत नाही, कितवी आलीस तेवढंच विचारतात. तुम्ही रस्त्यावरच्या बायका सुरुवातीला दम राखून धावता. तिथे तसं केलंस तर मेलीस. शंभर जणी एका कुंपणाच्या फटीतून जाणार, तेव्हा वळू पाठीशी लागलाय असं समजून सूट, आणि कोपर लागलं तर सॉरी म्हणत बसू नकोस. खिळ्यांचे बूट घे, लांबातले लांब खिळे. बुटाला घोट्यापासून चिकटपट्टी गुंडाळ, नाहीतर चिखल बूट काढून घेतो आणि परत देत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची रेघ ओलांडली म्हणजे शर्यत संपली असं नाही. पुढे दोरखंडांची निमुळती गल्ली असते. त्यात ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने एकामागे एक चालत राहायचं, आणि टोकाला नंबराचं कार्ड हातात पडलं की मगच बाहेर. तुमच्यासारखी बुटाला वेळ मोजणारी चिप नि चटईवर टुंग, असला प्रकार छोट्या शर्यतींत नसतो. कार्डाआधी दोरीखालून बाहेर गेलीस तर तू धावलीच नव्हतीस.

हे पाचही जणींना सांग. गोरेटीलासुद्धा. पहिल्या चौघींचे क्रमांक मिळून संघाचे गुण धरतात, तेव्हा तुझा जळफळाट संघाच्या मुळावर यायला नको.

तुझ्या आईला, नोराला, सांग की तिचा लोकरीचा स्कार्फ अजून माझ्याकडेच आहे आणि मी तो देणार नाही. तब्येतीला जप, प्रेम तर आहेच.

तुझी मावशी,
ब्रीड

नॉकरो
१६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खिळ्यांचे बूट आणले. टिम म्हणाला की हे घालून स्वयंपाकघरात आलीस तर माहेरी पाठवीन. माहेर तीन शेतं पलीकडे, धमकी तरी कसली!

तू सांगितलेलं सगळं मी मंगळवारी सरावाला बायकांना सांगितलं. गोरेटी त्या दिवशी लिमरिकला आईकडे गेली होती. मी मुद्दाम तोच दिवस निवडला नाही. बरं बाई, निवडला. मॉसीसुद्धा तिला सांगेलच की. तो पुटपुटतो आणि त्यातलं निम्मं त्याच्या मिशीत राहतं, हा काय माझा दोष?

रागावू नकोस. एकदाच, फक्त एकदा तिच्यापुढे राहू दे मला. मग बघ, मी किती गोड वागते ते.

लोभ कमी करू नये.

तुझी,
डिंफना

नॉकरो
२८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शर्यत काल झाली. अंग असं दुखतंय की पेनसुद्धा जड लागतंय, पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आठवडाभर पाऊस होता. शेत कसलं, रबडी होती नुसती. सुटताना तू म्हणालीस तशी मी पळाले, वळू मागे लागल्यासारखी, आणि फटीतून सातवी-आठवी बाहेर पडले. वळून पाहिलं तर गोरेटी मागे गर्दीत अडकलेली, मनगटावरचं घड्याळ बघतेय! असं हसू आलं मला. मावशी, काय सांगू, तो पहिला फेरा म्हणजे माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ. आई कुंपणाशी छत्री घेऊन उभी होती, तिला पहिल्यांदा मी पुढे दिसले.

दुसऱ्या फेऱ्यात ओढ्यापाशी मागून चप-चप ऐकू यायला लागलं. ओळखीचं पाऊल. शेवटच्या चढावर ती माझ्या खांद्याशी आली आणि पुढे गेली. पुन्हा ती शेपटी! मी जीव तोडून धावले, दातांतून काय काय शिव्या गेल्या त्या फादरनाही सांगता येणार नाहीत. पण रेघेवर ती माझ्यापुढे हातभर होती. ती सहावी, मी सातवी.

आणि मग ती थांबली. सवयीने घड्याळाचं बटण दाबलं, आणि दोरीखालून वाकून सरळ बाहेर निघाली, पलीकडे तिची पोरगी केळं घेऊन उभी होती तिकडे. टोकाला कार्ड वाटणारी बाई होती. तिने सहावं कार्ड माझ्यापुढे धरलं. माझा हातसुद्धा पुढे झाला, मावशी. जर्सी माझी झाली होती. मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात मला तिचा पाय दिसला. बूट नव्हताच. ओढ्यात चिखलाने ओढून घेतला होता, कारण चिकटपट्टीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, काळा ठिक्कर. तशी ती अर्धी शर्यत धावली होती. तशी धावून मला मागे टाकलं होतं तिने!

मी तिचा शर्ट मागून धरला आणि तिला दोरीखालून आत ओढली, माझ्यापुढे उभी केली. कार्डवाली बाई चिडली. म्हणाली की बाहेर गेलेलीला मी धरत नाही, तरी तुमच्यात आधी कोण होतं ते एकदाच नीट सांगा. गोरेटी धापा टाकत माझ्याकडे बघत होती, तिला काही कळतच नव्हतं. मी म्हणाले की ही पुढे होती. बाईने मला दोनदा विचारलं. दोनदा तेच बोलले.

चांगुलपणा बिंगुलपणा काही नाही त्यात. तो अंगठा दिसला नसता तर मी घेतलं असतं कार्ड. आणि आता अशी जळतेय की पोटात अन्न जात नाही. संघाला दुसऱ्या क्रमांकाचं पदक मिळालं, ते मी टिमच्या मोज्यांच्या खणात टाकलंय.

लोभ असू दे. सध्या फार गरज आहे.

तुझी,
डिंफना

नॉकरो
५ नोव्हेंबर

ती. ब्रीडमावशींना,
गोरेटीचा सा. न. वि. वि.

लग्नाला अठरा वर्षं झाली आणि तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नये. तुमच्या बहिणीची तब्येत चांगली आहे. त्या रोज चर्चच्या दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या डिंफनाने कसं हातातलं कार्ड दिलं. खाटकाने डिंफनाताईंना रांगेतून पुढे घेतलं म्हणे. फ्रिजवरचा माझा फोटो काढून तिथे त्यांचा लावलाय, डोळे मिटलेलाच.

मी जिंकले ना हो, मावशी? एका बुटावर जिंकले! पण कुणाच्या लक्षात नाही. जो तो त्यांच्याच मोठेपणाचं सांगतो. आणि त्या मोठ्या आहेत हे मला माहीत आहे, त्याचाच तर राग येतो. या घरात मी कितीही केलं तरी या शेतांत त्या जन्मल्या आणि मी बाहेरून आले. धावताना तेवढं वाटायचं की हे तरी माझं आहे. आता तेही त्यांनी दिलेलं झालं.

जर्सी आली आहे. मी ती घेऊन त्यांच्या दारी गेले, म्हटलं तुम्हीच घाला. त्यांनी भांडी पुसायचं फडकं माझ्या अंगावर फेकलं आणि दार लावून घेतलं. मी मॉसींना सांगून माघार घेऊ का? म्हणजे सातवीला जागा मिळेल. तुम्ही सांगाल तसं करीन.

आपला लोभ माझ्याही वाट्याला थोडा यावा.

आपली,
गोरेटी

कॉव्हेंट्री
११ नोव्हेंबर

चि. गोरेटीस,
अ. उ. आ., आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

माघार अजिबात घ्यायची नाही. तू माघार घेतलीस की डिंफना तुझ्या मोठेपणावर जळेल, आणि ते तर तिला मुळीच सोसायचं नाही. तिला मी लहानपणापासून ओळखते. तिला दान नको असतं, दया नको असते. तिला भांडायला माणूस लागतं, आणि तुझ्याइतकं बरोबरीचं माणूस तिला त्या गावात दुसरं मिळालेलं नाही.

एक कर. पुन्हा तिच्या दारी जा, पण जर्सी घेऊन नको, खिळ्यांचे बूट घेऊन जा. म्हणावं, चिखलात धावायचं शिकवा. फडकं आलं तर चुकव.

लोभ होताच, आता पत्त्यासकट आहे.

तुझी मावशी,
ब्रीड

नॉकरो
२५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गोरेटी माझ्या दारी बूट घेऊन का आली ते मला कळलेलं नाही असं समजू नकोस. तुझा हात त्यात आहे. मी तिला दोन तास चुलीजवळ बसवून चहासुद्धा विचारला नाही. मग बाहेर काढली आणि मागच्या शेतात गाईंच्या वाटेवरून, जिथे चिखल पोटऱ्यांपर्यंत येतो, तिथून पळवली. दहा दिवस रोज. फट, कोपर, चिकटपट्टी, दोरीची गल्ली, सगळं सांगितलं. जे आधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिने बुटाचा चिखल काडीने खरवडला. मग म्हणाली की माझ्या जागी ती असती तर तिनेही सांगितलं नसतं. मग जरा बरं वाटलं.

काल मन्स्टरची शर्यत झाली. मी आणि आई बसने गेलो. हॅमचे सँडविच मीच केले होते. तिची पाठ दिसली तेव्हा, मावशी, ती निळी-सोनेरी जर्सी तिला इतकी शोभत होती की मला तोंड फिरवावं लागलं. आईला सांगितलं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. मग बंदूक उडाली आणि मी कुंपणाकुंपणाने पळत सुटले, कोटासकट, गमबुटांसकट, तिच्या नावाने बोंबलत. आज आवाज पार बसलाय. टिम म्हणतो, घरात कसं शांत वाटतंय.

फटीतून ती पुढच्या घोळक्यात निघाली, कोपरं मारत. मी शिकवलेली कोपरं ती! दोन्ही बूट शेवटपर्यंत पायांत राहिले. आणि गल्लीत शिरल्यावर, पोरगी हाका मारत होती तरी, मान वर न करता उभी राहिली, कार्ड हातात पडेपर्यंत. मग बाहेर येऊन तशीच चिखलासकट माझ्या गळ्यात पडली. माझा रविवारचा कोट! मी तिला दूर हो म्हणाले. दूर झाली नाही. मीही फारशी ढकलली नाही.

तेविसावी आली. सगळे म्हणतात, पहिल्या खेपेला फार उत्तम. उत्तमच आहे, मीही सगळ्यांना तेच सांगितलं. आई स्कार्फ परत मागते आहे. ख्रिसमसला ये.

लोभ असावा.

तुझी,
डिंफना

ता. क. कुणाला सांगू नकोस, पण मी धावले असते तर बाविसावी आले असते.