फॉर्मवर इसब लिहिलं

५ जुलै २००८, लातूर
ओपीडीत सगळी क्लासची पोरं. गजकर्ण. एका खोलीत सहा जण, टॉवेल एकच. ओरडून तोंड दुखलं. दुपारी क्लासवर जीवशास्त्राचा तास घेऊन धाकटी शैला आली. कमरेवरचे चट्टे पुन्हा. दीड वर्ष मीच मलम देतेय. आज परक्या पेशंटसारखं नीट पाहिलं. चट्ट्यांच्या कडा बोटांनी पुन्हा चाचपल्या.
"अक्का, एवढं काय बघतीस?"
म्हटलं, बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू.

७ जुलै
तुकडा घेतला. फॉर्मवर 'डॉक्टरांचं निदान' ही ओळ. मनात कातडीचा कॅन्सर. लिहिलं इसब. नुसतं इसब, शंकेचं दुसरं नावसुद्धा नाही. धाकटी बहीण आहे, पोटच्या पोरीसारखी वाढवलीय. तो शब्द लिहवेना. तुकड्याची बाटली एसटीने नांदेडला, हाश्मी सरांच्या लॅबला. मी त्यांचीच विद्यार्थिनी.

१५ जुलै
रिपोर्ट आला. 'जुनाट इसब. डॉक्टरांच्या निदानाशी जुळतं.' शैलाने क्लासवर पेढे वाटले, मलाही भरवला. खाल्ला.

१६ जुलै
राहवेना. सरांना फोन.
"बेटा, स्लाइड दोन्हीकडं जाऊन राहिली होती, इसब बी वाटे, कॅन्सर बी. म्हटलं, पेशंट हिनं डोळ्यांनी पाह्यलाय. तू लिहिलंस इसब, मी इसब दिलं."
म्हणजे रिपोर्ट सरांचा नाहीच. माझंच खोटं सही होऊन परत आलंय. सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "मलम बंद कर, त्यानं स्लाइड फसते. तीन हप्त्यांनी दुसरा तुकडा पाठव. अन् या टायमाला खरं लिही." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ जुलै
चट्टे वाढले. एक मांडीवर नवा.
"रिपोर्ट चांगला हाय तर मलम का बंद?"
काहीतरी थाप मारली. ही पोर माझ्यावर किती विश्वास ठेवते! लाज वाटते.

९ ऑगस्ट
दुसरा तुकडा घेतला. फॉर्म भरला. या वेळी लिहिलं, कॅन्सरचं पूर्ण नाव. हात धुऊन वळले तर फॉर्म शैलाच्या हातात. जीवशास्त्र शिकवते ती. तिला काय समजावायचं?
"पहिल्या वक्ताला बी हेच वाटलं होतं का तुला?"
"हाव."
"मग?"
म्हटलं, भीती वाटली गं. लई भीती वाटली.
ती रडली नाही. ओढणी नीट केली. म्हणाली, "भूकंपात मला बाहेर काढलं तवा तू म्हणालीस, आई-बाबा दवाखान्यात हायेत, येतील. मी पत्र्याच्या शेडच्या दारात आठ दिवस बसून होते, अक्का."
आई-बाबा ढिगाऱ्याखालीच गेले होते. मला तेव्हाही दुसरं काही सुचलं नव्हतं.
फॉर्म तिनेच पाकिटात घातला. म्हणाली, रिपोर्ट आला की आधी ती उघडणार. मग चारच्या तासाला निघून गेली. बाटली नांदेडच्या गाडीत चढवून आले. आता आठ वाजलेत. ताट वाढून ठेवलंय, ती अजून आलेली नाही.