श्रद्धांजलीला मीही उभी राहिले

राजूर, दि. २० ऑगस्ट १९७२

ती. रंगनाथदादास,
चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. पण क्षेम काही नाही. पंधरा ऑगस्टला तुझे पुढारी आप्पासाहेब शाळेच्या पटांगणात तासभर जगाच्या शांततेवर बोलले. व्हिएतनाम झालं, अणुबॉम्ब झाला. भाषण माझ्या भावाने लिहिलेलं, म्हणून मी ऐटीत पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी ते म्हणाले, की राजूरच्या कानिफनाथाने विश्वशांतीसाठी प्राण वेचले. मग सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं. दादा, गोंधळून मीही उभी राहिले रे, माझ्याच नवऱ्यासाठी!

डिसेंबरात पलटणीची इंग्रजी तार तूच वाचून दाखवलीस. ते लढाईत बेपत्ता आहेत, एवढंच तिच्यात होतं. त्यानंतर दुसरी तार आलेली नाही.

शेजारच्या दगडाबाई श्रावणी शुक्रवारी दरवर्षी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावतात. परवा नाही बोलावलं. विचारलं तर म्हणाल्या, की येवढा मोठा मानूस माईकवर खोटं कसं बोलंल, बाई?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. आप्पासाहेबांना ते वाक्य इथे येऊन मागे घ्यायला लाव. वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण,
चांगुणा

केडगाव, दि. २८ ऑगस्ट १९७२

चि. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. लहानपणापासून राग तुझ्या नाकावरच. अगं, शांततेच्या भाषणाला शेवटी आपल्या मातीतला माणूस लागतो, नाहीतर लोक चुळबूळ करतात. कानिफरावांच्या नावाला बायका रडल्या, असं आप्पासाहेब कौतुकाने सांगत होते. हेच भाषण आता नगरला व्हायचं आहे. माघार घेतली तर त्यांचं हसं होईल, आणि माझी नोकरी त्यांच्या शब्दावर आहे.

आठ महिने झाले, मनाची तयारी करावी. वहिनीने तुला लुगडं पाठवलं आहे, फिक्या रंगाचं. भाऊबीजेला येतोच. माया पातळ करू नये.

तुझा,
रंगनाथदादा

राजूर, दि. ५ सप्टेंबर १९७२

ती. रंगनाथदादास,
सौ. चांगुणाचा नमस्कार.

‘सौ.’ मीच लिहिलं, कारण या खेपेला तू ते गाळलंस. सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि माझा कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मामंजी गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. म्हणाल्या, माजं लेकरू हाय का न्हाई ते म्या सांगंन, त्यो माईकवाला कोन?

लुगडं परत पाठवते. साऱ्या जगाच्या शांततेची काळजी वाहणाऱ्या माणसाने माझ्या घरातली शांतता घालवली, आणि तू त्याला शब्द पुरवलेस. मला तुझी चीड येते, दादा.

भाऊबीजेला जरूर ये. पण आधी भर बाजारात सांग, की ते वाक्य तुझं आणि ते खोटं. तेवढं होत नसेल तर येऊ नकोस. लोभ ठेवणं न ठेवणं तुझ्याकडे. माझं ओवाळणीचं ताट का निघालं नाही, असं बायका विचारतील. मी सांगेन, भाऊ बेपत्ता आहे. मेला म्हणणार नाही. खात्री असल्याशिवाय तसं बोलू नये, एवढं मला कळतं.

तुझी बहीण,
सौ. चांगुणा