नर न तपासल्याबद्दल

मी, तोताराम वना बडगुजर, वय एकोणसत्तर, राहणार देवपूर, धुळे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. ते वेळेवर वापरले असते तर कलम तीन लिहावे लागले नसते.

१. राहते घर पत्नी झुंबरबाईच्या हयातीत तिचे, तिच्यामागे मुलगा मगन याचे. मागच्या दारचा लिंब तोडू नये.

२. सायकल मेहुणे रुपचंद यांस. तीस वर्षे तिच्यावर डोळा ठेवून आहेत. आता पंक्चरही त्यांनीच काढावे.

३. माझा सूक्ष्मदर्शक व काचपट्ट्यांच्या पेट्या नूरबी खाजा मन्यार हिला द्याव्यात. कारण लिहिणे भाग आहे.

एका खासगी प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामा माश्यांच्या जाती ओळखण्याचे काम माझ्याकडे होते. टाचणीच्या टोकाएवढी ही माशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते, मग अळी जन्मतच नाही. कपाशीला किलोनिस जात पाठवायची, उसाला जॅपोनिकम. १९८७ च्या हिवाळ्यात कपाशीच्या बरणीतल्या माश्या काळपट दिसू लागल्या. थंडीने किलोनिस काळवंडते, असे मी ठरवून टाकले. बरण्या सांभाळायला नूरबी रोजंदारीवर होती. काचपट्टी करायला तिला मीच शिकवले होते. ती म्हणाली, "भाऊ, माद्या बठ्ठ्या सारख्याच शेतस. नर देखा."

तिचे बरोबर होते. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात, जातीची खरी खूण नराच्या जननेंद्रियात असते. पण बाईमाणसासमोर तो विषय काढायची मला लाज वाटली. "काम माद्या करतात, नराला कोण विचारतो?" म्हणून मी हसण्यावारी नेले. आठ गावांच्या कपाशीवर जॅपोनिकम गेली आणि बोंडअळीने बोंडे पोखरली. बरण्यांवर चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. चौकशीत मात्र मी नूरबीचे नाव सांगितले. तिला त्याच दिवशी काढून टाकले.

तिसऱ्या दिवशी माझ्या खणात एक काचपट्टी सापडली. तिच्या अक्षरात "नर, जॅपोनिकम", आणि माल निघण्याच्या दोन दिवस आधीची तारीख. मी ती तपासली आणि परत खणात ठेवली. नऊ वर्षे झाली. नको तिथे लाजलो, हवे तिथे लाजलो नाही. आता मला माझीच शरम वाटते.

४. माझ्या तेराव्याला कलम तीन मोठ्याने वाचावे. पाने वाढण्याआधी वाचावे, नंतर कोणी ऐकत नाही.

ठिकाण धुळे, ता. ९ डिसेंबर १९९६.
सही : तो. व. बडगुजर
साक्षीदार : निंबा पुना चौधरी, हिरालाल दगा शिंपी

जोडकलम, त्याच दिवशी. सही करताना निंबाआबांनी विचारले, "तोताराम, तेरावाले तू लाजाले कुठे ऱ्हाशी?" तेराव्याला मी लाजायला उरणारच नाही. सबब कलम चार रद्द. आज दुपारीच नूरबीच्या दारी जाऊन कलम तीन मी स्वतः वाचीन. सूक्ष्मदर्शक जड आहे, तो उचलायला मगन सोबत येत आहे. त्याला अजून काही सांगितलेले नाही. तोही तिथेच ऐकेल.

सही : तो. व. बडगुजर
साक्षीदार : वरील दोघेच