आधीच ठरलेली मुलाखत

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

बाबांच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या धंद्यात तुझा अर्धा वाटा आहे, मान्य. म्हणून काल तू माझं नाक कापायचं होतंस का? मिस्त्रींच्या जोडीला माणूस हवा, म्हणून मुलाखती ठेवल्या. बाहेर बाकावर उमेदवार बसले होते. एकाचे नवे बूट चावत होते, बिचारा टाच बाहेर काढून बसला होता. एवढ्यात वहिनीचा भाऊ सगळ्यांना ओलांडून आत आला आणि माझं टेबल कुठलं, असं विचारू लागला. आधी मुलाखत, असं मी म्हटलं तर हसला. म्हणाला, ताई, दाजींनी मागच्याच महिन्यात सांगितलंय, थेट रुजू हो म्हणून. दार सताड उघडं! बाहेर सगळ्यांनी ऐकलं. बूटवाल्याने टाच आत घातली आणि निघून गेला. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तरी तुझ्या मेहुण्याला रीतसर बसवलं. सगळ्यांना विचारलं तेच विचारलं: लिफ्टमध्ये माणूस अडकलाय, तू पोचलास, तर पहिलं काय करशील? म्हणाला, कुणाला तरी पाठवीन. शेवटी आलेली बाई म्हणाली, आधी दाराला तोंड लावून आतल्या माणसाला माझं नाव सांगेन, आणि तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही, असं सांगेन. मग हत्यारं काढेन.

मी तिला घेते आहे.

रागावले आहे, पण परकी झालेली नाही.
तुझी,
भिंगरी


८ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं भणाणलं. चारचौघांत माझ्या मेहुण्याची शोभा केलीस, वर मलाच शहाणपण शिकवतेस! घरचं माणूस ते घरचं माणूस. ती बाई उद्या काम शिकून तुझ्याच समोर दुकान थाटेल, तेव्हा येशील रडत माझ्याकडे. तुझी वहिनी भावाच्या काळजीने रोज डोळे पुसते, त्याचं तुला काही नाही.

सोमवारी त्याला रुजू करून घे, नाहीतर माझा वाटा वेगळा काढ.

रागाच्या भरात जेवण टाकायची तुझी खोड आहे. ती करू नकोस. खोकलाही अंगावर काढू नकोस.

कान पिळायला हात शिवशिवत असलेला,
दादा


१३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काढ वाटा. पण आधी ऐक.

ती बाई येत नाहीये. स्वतः येऊन सांगून गेली. मुलाखत छान झाली म्हणाली, पण बाहेर बसून तिनेही सगळं ऐकलं होतं. जिथे जागा आधीच वाटलेली असते, तिथे चुकीचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं तेही ठरलेलं असतं, असं तिचं म्हणणं. मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेली असताना वर बटणापाशी कोण उभं आहे, ते कुणाच्या नात्यावरून ठरलं तर माझा जीव जाईल, म्हणाली. चहासुद्धा न घेता गेली.

मग वहिनीला फोन केला, तिची समजूत घालायला. तर तीच माझ्यावर उखडली! तिने तुला आधीच बजावलं होतं म्हणे, की भावाला उंचावर घेरी येते, तो घरातल्या माळ्यावरसुद्धा चढत नाही, त्याला या कामात ढकलू नका. डोळे कधी पुसले, तेही मला विचारत होती. दादा, स्वतःचा हट्ट पुरवायला तू बायकोच्या डोळ्यांत खोटं पाणी घातलंस? लाज वाटायला हवी.

जेवते आहे. खोकला आहे तसाच.
भिंगरी


२० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घरात मला नुसतं ताट वाढलं जातंय, शब्द नाही. शेवटी उठलो, गाडी पकडली आणि त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. तुला कळवलं नाही, कारण तू हसली असतीस.

तिने आत बोलावलं नाही. चूक झाली म्हटलं, त्यावर तिने उलट विचारलं, उद्या दुसऱ्या कुणा नातेवाइकाला नोकरी हवी झाली तर? रांगेत बसवीन, म्हणालो. आणि बहिणीने नाही म्हटलं तर? मग खरं ते सांगितलं, की मला राग येईल. तेव्हा कुठे हसली. म्हणाली, हे तरी खरं बोललात. हो म्हटलेलं नाही. सोमवारी येऊन तुला काही विचारणार आहे.

मेहुण्याने माझ्याशी बोलणं सोडलंय. सगळं जग माझ्यावरच रुसलंय.

तुझा धाकात राहिलेला,
दादा


२७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ती आली. दिवसभर मिस्त्रींबरोबर हिंडली, मग माझ्यासमोर बसून तिने एकच विचारलं: तुम्हा भावंडांचं भांडण झालं तर मी कुणाचं ऐकायचं? माझं, असं मी म्हटलं. तर म्हणाली, हे तुमच्या भावाच्या सहीने लिहून द्या, मग रुजू होते.

कागद सोबत जोडला आहे. सही करताना मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. सही मात्र आजच कर.

मोठेपणा तुझाच राहील.
भिंगरी