जिथे सरस धरला नाही

बाबा, धनुष्य झालं नाही. म्हणजे झालं होतं, पण पहिल्याच ताणाला उकललं. तुम्ही गिरणीच्या सुतारखात्यातून बाद झालेल्या दोन काठ्या घरी आणल्या होत्या, मागात धोट्याला तडाखा देणाऱ्या. मी दहा वर्षांचा होतो. "विलायती लाकूड आहे, वाकतं पण मोडत नाही. दसऱ्याला तुला धनुष्य करून देतो," म्हणालात, आणि दसऱ्याआधी तुम्हीच गेलात. काठ्या नऊ वर्षं माळ्यावर पडून होत्या. यंदा हरताळात गिरण्या बंद झाल्या तेव्हा मी त्या खाली काढल्या, चिरून पातळ पट्ट्या केल्या. तुमचं राहिलेलं काम आपण पुरं करायचं, असं मनात होतं. बिघडलं तर दुसरं लाकूड नाही, हेही मनात होतंच.

त्यामुळे सरस लावायचा धीर होईना. रंधा मारतो, पत्र्याने खरवडतो, दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून खिडकीकडे धरतो. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा सुरुवात. खाली डिलाईल रोडवर घोषणा चाललेल्या असतात. शेजारच्या खोलीतला दोस्त दारातून ओरडतो, "अरे, मुंबईसकट महाराष्ट्र मिळेल, पण तुझ्या पट्ट्या काय चिकटायच्या नाहीत! चल मोर्चाला." मी जात नाही, आणि न जाऊनही चैन पडत नाही. तुम्ही एकदा स्टुलाचा पाय माझ्या हातातून काढून घेतला होता. "आरसा करतोस काय त्याचा? सरसाला धरायला जरा खरखर ठेव," असं रागावला होतात. ते आठवत असूनही मी आणखी दोन दिवस घासत राहिलो.

मग खंडेनवमी आली. आई दरवर्षी तुमची पेटी उघडते, हत्यारांवरून तेलाचं बोट फिरवते, हळद-कुंकू लावते. यंदा मी आंघोळ करून येतो तर पट्ट्यांच्या टोकांनाही कुंकू.

"आई, हे काय केलंस! तेही तेलाच्या हाताने?"

"मेल्या, बोंबलतंस कशाक? हत्यारांक लावलंय, तसाच ह्यांकाय लावलंय. तुझ्या बापाशीचा लाकूड ना ता?"

मी टोकं पुन्हा खरवडली, सरस कढवला, पट्ट्या चिकटवून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. दोन दिवसांनी सोडून दोरी चढवली आणि ओढली. टच्‌ असा आवाज झाला. पट्टी उचलली गेली होती. सगळी चाळ ऐकेल एवढ्या मोठ्याने मी आईला म्हणालो, "तुझ्या तेलापायी बाबांचं लाकूड फुकट गेलं." तुमची पेटी तिने फडक्यात बांधून माळ्यावर सारली. एरवी दर सोमवारी आई ती पुसायची. दोन सोमवार झाले, पुसलेली नाही.

काल मी ते धनुष्य खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. कुंकू लागलेली टोकं घट्ट चिकटलेली आहेत. सुटली आहे ती मधली जागा, अंगठ्याएवढी, चकचकीत, तिथे सरस लाकडात शिरलेलाच नाही. पट्टी उजेडाला धरताना माझा अंगठा बरोबर तिथेच येतो. धास्ती वाटली की मी केसांवरून हात फिरवतो, आणि केसांना रोज तेल चोपडतो. त्या आठवड्यात मी किती वेळा केसांवर हात फिरवून पट्टी उचलली असेल, याचा हिशेब लागत नाही. अजून एकदा खरवडता येईल एवढी जाडी शिल्लक आहे. आईला सांगितल्याशिवाय मात्र पत्रा हातात धरवत नाही.

तिला वाचता येत नाही, म्हणून हे तिच्यासमोर बसून लिहितो आहे. ती तांदूळ निवडते आहे. मघाशी तिने विचारलं, "कोणाक लिवतंस रे?" मी म्हटलं, "गिरणीचा अर्ज आहे."