मेणातला तुकडा कुणाला द्यायचा

दादा, "मशीन काय डॉक्टर हाय व्हय?" म्हणून तू फोन आपटलास, तो विषय मी अजून सोडलेला नाही. औषध मशीनने नाही, डॉक्टरबाईंनीच दिलं. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

मी आदर्श आकाराम मगदूम, वय सव्वीस, सातवी पास, मूळचा कागलचा, हल्ली बेंगळुरूच्या फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा. सोमवारी मांडीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. मी उठलो नाही तर असं करावं.

एक. घरातला माझा वाटा वर्षाराणीवहिनींना. दादा, तुला नाही. आई गेल्यावर माझं ताट त्यांनी वाढलं. तू नुसतं "बस की एका जागी" म्हणत राहिलास.

दोन. थापी, ठोकणी, सगळी हत्यारं माझ्या खोलीत राहणाऱ्या नागसेनला. पाय टेकवत नव्हता तेव्हा त्याने मला पाठीवर घेऊन जिना चढवला. हत्यारं मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही म्हणे, म्हणून खाली त्याची सही नाही.

तीन. मोटरसायकल कुणालाही द्या, कळंब्याच्या दाजींना नको. क्लच जाळतात.

चार. तपासायला काढलेला गाठीचा तुकडा दवाखान्यात मेणाच्या वडीत ठेवलाय. तो आणि माझे रिपोर्ट, तू ज्याला मशीन म्हणतोस त्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला शिकायला द्यावेत. तू म्हणालास, "अंगातलं सगळं एकत्रच सरणावर गेलं पाहिजे." पण ऐक की. दोन औषधं लागू पडली नाहीत, पाय काढायचं ठरलं होतं. आम्ही फाउंड्रीत लोखंडाचा सगळा रस ओतायच्या आधी थोडा ओतून, मोडून बघतो, तसा हा तुकडा तपासला. कॉम्प्युटरने आधीच्या हजारो पेशंटांत माझ्यासारख्या गाठी धुंडाळल्या. त्यांना लागू पडलेलं औषध बाईंनी पारखून मला दिलं. नारळाएवढी गाठ लिंबाएवढी झाली. आता पाय राहील म्हणतात.

ती माणसं कोण, जिवंत आहेत का, कुणी सांगत नाही. त्यांच्या पाया पडायला मला पत्ता नाही. त्यांच्या भावांनी तुकडा अडवला असता तर? तू आडवा येऊ नकोस.

सही: आदर्श आ. मगदूम
साक्षीदार: अण्णासो कांबळे, शेजारची खोली; प्रीती नायक, वॉर्डच्या सिस्टर
बेंगळुरू, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. दादा, हे भांडण फोनवर मिटायचं नाही. रविवारपर्यंत वहिनींना घेऊन ये, गाडी कागलच्या हायवेवर मिळते. परतीचे पैसे मी इथं तुझ्या हातात देणार आहे. येण्याच्या दोन तिकिटांचे वहिनींच्या नंबरवर धाडलेत: रुपये दोन हजार चारशे.