चार वायरी आणि पुढची खोली

सर्वांना आशीर्वाद. आधी तब्येती विचारते, कारण पुढचं वाचून कोणाची बिघडलीच, तर आधी बरी होती एवढं तरी मला माहीत असावं.

लेकी, दिवसभर खिडकीमागे बसून तिकिटं देतेस, कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला हटला का? भावजयीची साखर ताब्यात आहे ना? फोरमनसाहेबांना हल्ली ऐकू कमी येतं म्हणे, तेव्हा त्यांना हे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, खिडक्या उघड्या ठेवून. आणि धाकट्या भावा, तुझा गुडघा? जप बाबा. तू मला धडधाकट हवा आहेस.

आता मुद्द्याचं. मी, गल्लीत शेडवाली काकू म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंकडून घेऊन सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर यापेक्षा गोड लिहिलं असतं. यापूर्वी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं. माणूस गेल्यावर मृत्युपत्र वाचायची रीत आहे, पण मला तुमची तोंडं बघायची आहेत, म्हणून प्रती आत्ताच पाठवते.

कलम पहिले. घरामागची शेड, त्यातले सगळे पाने, जॅक आणि माझी जुनी गाडी, हे सर्व माझ्या लेकीला. आमचे हे गेले तेव्हा ही गाडी बंदच उभी होती. भंगारवाला दारात आला, तेव्हा मी बॉनेट उघडून एकेक भाग खोलून बघत शिकले, आणि मग लेकीला शिकवलं. तिने बॉनेटला हात लावून वर्षं झाली, म्हणून थोडं लिहून ठेवते. थर्मोस्टॅट शोधायला रेडिएटर खोलू नकोस, मामा खोलायला लावेल. रेडिएटरचा वरचा जाड पाइप इंजिनाला जिथे भेटतो, तिथल्या झाकणाखाली तो बसलेला असतो. आधी पाणी थोडं काढ, आणि इंजिन गार असू दे. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघ. बोटभर दबला तर ठीक, जास्त दबला तर डायनॅमो बाहेर ओढून ताण. प्लग बदलताना एका वेळी एकच वायर काढायची, प्लग बदलायचा, तीच वायर परत लावायची, मग दुसरीकडे वळायचं. हे तुला सांगायची गरज नाही. तुझ्या मामासाठी लिहिते आहे.

कलम दुसरे. का, ते सगळ्यांना कळावं म्हणून. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी पट्टी बांधून आतल्या खोलीत पडले होते. मोठ्या वर्कशॉपचे फोरमनसाहेब लेकीचं काम बघायला आमच्याकडे येणार होते. पसंत पडलं तर तिला तिथे नोकरी. आदल्या दिवशी तिने प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवं टाकून गाडी चालू करून ठेवली होती. मी आतून ऐकलं होतं, इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं होतं. सकाळी लेक चहाची तयारी करत असताना माझा धाकटा भाऊ आला. साहेबांसमोर इंजिन चकचकीत दिसावं म्हणून पुसायला घेतलं आणि चारही वायरी एकदम उपटल्या. मग मला आत ऐकू येईल असं मोठ्याने मोजत एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावून दिल्या, जणू पोरं शाळेच्या रांगेत उभी करतोय. त्या इंजिनाचा ठिणगी पडायचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे.

लेकीने किल्ली फिरवली. कार्बोरेटर खोकला, सायलेन्सर असा फुटला की फोरमनसाहेबांचा चहा त्यांच्याच शर्टावर. मी आतून ओरडले, "वायरी बघा, वायरी चुकल्यात."

बाहेर माझा भाऊ म्हणत होता, "मी हिला बजावलं होतं साहेब, क्रम बघून लाव म्हणून. ऐकेल तर ना. थांबा, मीच करतो."

आणि त्याने वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरचे आकडे बघत वायरी बदलल्या, गाडी सुरू केली आणि ती नोकरी स्वतःच्या खिशात घातली. मी सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, पट्टी बांधलेल्या बाईने काय बघितलं? एकट्यात मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, झालं ते झालं. पोरगी लग्न करून जायचीच होती, आता कशाला उकरतेस?" म्हणून उकरते आहे. लेकीने त्यानंतर पाना हातात घेतला नाही, आणि धाकट्या, तुला गल्ली अजून उस्ताद म्हणते.

कलम तिसरे. पुढची खोली, जिथे उस्ताद आणि भावजय सध्या राहतात, ती उस्तादालाच, पण अटीवर. शेडमध्ये, फोरमनसाहेब आणि लेकीसमोर, गाडीच्या चारही वायरी काढून टोपलीत टाकायच्या. लावण्याआधी, त्या सकाळी त्या कोणी लावल्या होत्या, ते तोंडाने आणि मोठ्याने सांगायचं, कारण साहेबांना ऐकू कमी येतं. मग लावायच्या. क्रम विचारून ये, पाठ करून ये, माझी हरकत नाही. गाडी सुरू झाली नाही तरी खोली मिळेल. तोंड उघडलं नाही तर मिळणार नाही. मग खोली शेजारच्या टायरवाल्याला. त्याला जुने टायर ठेवायला जागा हवीच आहे. भावजयीला मात्र मधली खोली तहहयात, विनाअट. तिने इतकी वर्षं त्याच्या बढाया ऐकल्या, तेवढी शिक्षा पुरे.

कलम चौथे. फोरमनसाहेबांना एक नवा शर्ट. माप शिंपीणबाईंकडे आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या म्हणाल्या, "काकू, इतकं कडू कशाला लिहायचं?" मी म्हटलं, तुम्ही फक्त कायदा बघा, चव माझी.

साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई (सही), डॉक्टरीणबाई (सही)
लिहून देणार: शेडवाली काकू (सही व डाव्या अंगठ्याचा ठसा, ग्रीससकट)
स्थळ: घरामागची शेड
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती

ता. क. कलम तिसऱ्याला माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही. येत्या रविवारी सकाळी फोरमनसाहेब यायला तयार आहेत, चहा लांब ठेवीन म्हटलं तेव्हा कबूल झाले. धाकट्या, येतोस की टायरवाल्याला किल्ली देऊ? आणि लेकी, तू आल्याशिवाय मी त्याला वायरीला हात लावू देणार नाही. तो जे बोलेल ते ऐकायला तू हवीस, मी तर तेव्हाच ऐकलंय. रेल्वेने येतेस की बसने, ते लवकर कळव.